वेदच्या बोरन्हाणाचा बाजार

मित्रांनो, मी एक जुनी ट्रॉली आहे. हे ऐकून तुमच्या डोळ्यांसमोर सुपरमार्केटच्या दारातली जाळीची गाडी आली असेल, तर तिला आधी बाजूला सारा. त्या बिचाऱ्या साखळीने एकमेकींना बांधलेल्या असतात आणि कार पार्कच्या पलीकडचे जग त्यांनी पाहिलेले नसते. मी दोन चाकांची, कापडी पोटाची, एका हाताने मागे ओढत न्यायची ट्रॉली. मी ब्रिस्टल शहर पाहिले आहे, आणि तेही सगळ्या चढांसकट.

माझा जन्म कारखान्यात झाला, पण तिथले मला फारसे आठवत नाही. आठवते ते दुकानाचे दार. छत्र्यांच्या शेजारी मी उभी होते. अंगावर गडद हिरवे कापड, चाके कोरी करकरीत. एके दिवशी डॉक्टर सुलक्षणाबाई आल्या. मिरजेला शिकून त्या इथल्या हॉस्पिटलात लहान मुलांच्या डॉक्टर म्हणून आल्या होत्या. त्यांनी मला दुकानभर ओढून पाहिले, कान देऊन माझ्या चाकांचा आवाज ऐकला आणि म्हणाल्या, "चालेल."

मी बाहेर पडले आणि थक्कच झाले. चढावर लाल, निळी, पिवळी घरे एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून उभी होती, आणि त्यांच्यावर, अगदी आभाळात, प्रचंड मोठे रंगीत फुगे तरंगत होते. फुग्यांखाली टोपल्या होत्या आणि टोपल्यांत माणसे! टोपली उडू शकते हे मला त्या दिवशी कळले. मीही टोपलीच्याच जातीची. मला फार अभिमान वाटला.

सुलक्षणाबाईंना सगळे मराठी लोक काकू म्हणत. पुणे, मुंबई, नागपूरहून इथल्या कंपन्यांत नोकरीला आलेले कोणीही असो, चार दिवसांत त्यांचा फोन यायचा. "काकू, चांगली कोथिंबीर कुठे मिळते हो?" काकू कधी पत्ता सांगत नसत. "सांगून कळत नाही. शनिवारी शूज घालून ये," एवढेच म्हणत. मग शनिवारी नवे माणूस, काकू आणि मी अशी आमची फेरी निघे. दुकानाशी पोचलो की काकू मला घेऊन बाहेर थांबत आणि नव्या माणसाला आत ढकलत. "तूच विचार. मी इथं आहे."

मित्रांनो, ती दुकाने काय सांगू तुम्हाला! ग्लॉस्टर रोडवर फुटपाथपर्यंत सांडलेल्या भाज्या. मोटरवेवरच्या पुलाने पलीकडे गेले, की स्टेपलटन रोड. तिथे माझ्याहून जाड सुरणासारखे कंद, खारवलेल्या माशांचे ढीग, धुपाचा वास, मेथीच्या जुड्या, आणि दर दोन दारांनी बदलणारी भाषा. किती वर्षे गेली, तरी तो रस्ता आला की माझी चाके हळू व्हायची. काकूंना वाटे, तेल कमी पडले.

एकदा नारळांच्या ओझ्याने माझे पोट उसवले. काकूंनी मला टाकले नाही. आईच्या गुलबक्षी खणाचा तुकडा काढला आणि मोठे ठिगळ शिवले. त्या दिवसापासून मला सगळा बाजार ओळखू लागला.

पण पुढे काकूंचे गुडघे दुखू लागले. ऑपरेशनच्या रांगेत त्यांचे नाव लागले आणि मी जिन्याखाली गेले. नवी माणसे येतच होती, पण आता त्यांचे सामान फोनवर मागवल्याबरोबर व्हॅनमधून येई. कोणी काही विचारेनासे झाले. माझ्या दांड्यावर कोळ्याने जाळे विणले. मला रडू येई, आणि रागही येई. राग कोणाचा, ते मात्र सांगता येत नसे.

आमच्या घरासमोर, गल्लीच्या पलीकडे, सगळ्यात वरच्या मजल्यावर वरदा आणि सुयश राहतात. दोघे नागपूरचे. त्यांचे बाळ, वेद, दिवस भरायच्या फार आधी जन्मले. कित्येक आठवडे ते हॉस्पिटलात काचेच्या पेटीत होते. आता ते घरी आले होते, बाळसे धरले होते, छान हसत होते. घरी येऊन बाळाला तपासणारी नर्स दर वेळी म्हणे, "आता याला बाहेर न्या, हवा लागू द्या." वरदा "येस, येस" म्हणे आणि ती गेली की खिडकी घट्ट लावून घेई. बाळाला फिरवायच्या बग्गीवरचे प्लास्टिकसुद्धा निघाले नव्हते. काकू हे सगळे खुर्चीतून बघत. मुलांच्या डॉक्टर त्या, पण उपदेश करायला त्या जिना चढू शकत नव्हत्या. आणि उपदेशाने वरदाची भीती जाणारी नव्हती.

संक्रांत आली. वेदची पहिलीच. पहिल्या संक्रांतीला बाळाला काळे झबले घालतात, हलव्याचे दागिने घालतात आणि डोक्यावरून बोरे, उसाचे करवे, हरभरे, शेंगा, कुरमुरे ओततात. मग जमलेली मुले त्यांवर तुटून पडतात. हेच बोरन्हाण. दागिने नागपूरहून आजीने पाठवले होते. बोरे सुयशने ऑनलाइन मागवली. पुडा फोडला तर आत तांबडी, वाळलेली, दगडासारखी फळे! वरदा ती मूठभर घेऊन काकूंकडे आली, तेव्हा मी जिन्याखालून सगळे ऐकत होते.

"काकू, हे डोक्यात पडलं तर टेंगूळच येईल. ऑनलाइन काहीच प्रॉपर मिळत नाहीये. फ्रेंड्स म्हणतात, मार्शमेलो घाल, चालतं."

"चालतं की. तुला चालणार आहे का?"

"नाही. तो वाचलाय हो काकू. त्याचं सगळं नीट व्हायला हवंय मला."

"मग जिन्याखालची ट्रॉली काढ. रथसप्तमीपर्यंत कधीही करता येतं. उद्या शनिवार आहे. सुयश बाळाला बघेल."

"तुम्ही येताय ना?"

"या गुडघ्यांनी? तुझा जिना चढवत नाही मला. बोरन्हाण मी व्हिडिओ कॉलवर बघणार आहे, समोरच्या घरातून!"

"मग दुकानांची नावं तरी द्या."

"नावं बदलतात. हिला घेऊन जा आणि विचार."

काकूंनी माझे जाळे पुसले, चाकांना तेल घातले. मग माझ्या दांड्यावर त्यांचा हात बराच वेळ राहिला. त्यांच्यावाचून मी कधीच बाजारात गेले नव्हते.

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. वरदाचा हात इतका घामेजला होता, की दांडा दोनदा सुटला. उतारावर ती थांबली आणि सुयशला फोन केला. "झोपलाय का? श्वास बघ ना जरा." कोपऱ्यावर पुन्हा फोन. पुन्हा तेच.

ग्लॉस्टर रोडवरचे भाजीवाले आजोबा ओरडले, "ऑलराइट, माय लव्हर?" वरदा कानापर्यंत लाल झाली. तिला काय ठाऊक, या शहरात ऐंशीच्या आजीबाईलासुद्धा असेच हाक मारतात! इतक्यात त्यांची नजर माझ्यावर पडली आणि ते दुकानाबाहेरच आले.

"हे ठिगळ डॉक्टरबाईंचं. बऱ्या आहेत ना त्या? आम्हाला वाटलं..."

"बऱ्या आहेत. फक्त गुडघे," वरदा घाईने म्हणाली.

आजोबांनी एक मोठा श्वास सोडला आणि टोपीने कपाळ पुसले. त्यांनी भुईमुगाच्या शेंगा दिल्या. इथे लोक त्या खारींना घालतात. बाळाला घालणार हे ऐकून ते पोट धरून हसले. वर कोवळी गाजरे दिली आणि हिरव्या हरभऱ्यासाठी पुलापलीकडे रशीदभाईंकडे जायला सांगितले.

रशीदभाईंनी मला बघितले आणि काउंटर सोडला. "अरे, ये तो डॉक्टरसाहिबा की गाडी है! आप उनकी क्या लगती हैं?"

वरदा क्षणभर गोंधळली. "पडोसी... नहीं, मेरी काकू हैं."

मित्रांनो, ते ऐकून माझे ठिगळ उसवते की काय असे मला वाटले! रशीदभाईंनी हरभऱ्याचे हिरवे घाटे दिले, कुरमुरे दिले. बोरांचे विचारल्यावर मात्र त्यांनी मान हलवली. शेवटची पेटी सकाळीच शेजारची होदन घेऊन गेली होती.

होदन सोमालियाची. ती कापड आणि धूप विकते. आम्ही आत शिरलो तेव्हा ती काउंटरवर वाडगा ठेवून बोरे खात बसली होती. पेटी रिकामी झाली होती. बिया एका बाजूला आणि उरलेली बोरे एका बाजूला. एकेक बोर तोंडात जात होते आणि वरदा नुसती वाडग्याकडे बघत उभी होती. काकू असत्या तर म्हणाल्या असत्या, तूच विचार. मी माझे चाक जरा कुरकुरवले.

"प्लीज," वरदा एकदम म्हणाली, "पुढचं खाऊ नका! मला ती माझ्या बाळासाठी हवीत. डोक्यावरून ओतायला."

होदनचा हात तसाच थांबला. तिने वरदाकडे पाहिले, माझ्या ठिगळाकडे पाहिले आणि खदखदून हसली. तिच्या गावीही बोरीचे झाड होते, ती म्हणाली, पण कोणाच्या डोक्यावर ओतल्याचे तिने ऐकले नव्हते. तिने सगळा वाडगा पिशवीत उपडा केला. मग पिशवीतून एक बोर परत काढून तोंडात टाकले. "हे बघायला मी येणार," तिने बजावले, "आणि ऊस विन्स्टनकडून घे."

विन्स्टन जमैकाचे. पांढरी दाढी, मोठा सुरा. बाळाच्या डोक्यावर पडणार म्हटल्यावर त्यांनी ऊस सोलला, त्याचे नखाएवढे तुकडे केले आणि प्रत्येक तुकडा स्वतःच्या टकलावर टाकून पाहिला. लागत नाही अशी खात्री झाल्यावरच माझ्या पोटात घातला. एवढा मोठा माणूस आणि एवढी काळजी! मी बघतच राहिले.

"पण याने होतं काय?" त्यांनी विचारले.

वरदा इंग्रजीत समजावू लागली. "हवा बदलते ना, त्याचा बाळाला त्रास होऊ नये म्हणून. या दिवसांत जे जे पिकतं, त्यानं त्याला न्हाऊ घालायचं. म्हणजे त्याला बाहेरची हवा..." ती थांबली. "बाहेरची हवा बाधत नाही."

"वा!" विन्स्टन म्हणाले. "मग उद्यापासून तो बाहेर येणार. इथे घेऊन या त्याला."

परतीच्या वाटेवर पुलाखालून गाड्या धडधडत होत्या. वरदा कठड्याशी उभी राहिली आणि खूप रडली. मग तोंड पुसून तिने मला घट्ट धरले. मी भरलेली होते, चढ मोठा होता, पण तिने मला एका दमात वर आणले. तेव्हा माझ्या लक्षात आले, की पुलापासून तिने एकही फोन केला नव्हता.

रविवारी दुपारी काकू फोन समोर ठेवून, चांगली साडी नेसून खुर्चीत बसल्या होत्या. कॉलची वाट बघत होत्या. समोरचे दार उघडले. सुयशच्या हातात मी होते, कारण सामान माझ्यातच होते. आणि माझ्यामागे वरदा आली, वेदला छातीशी घेऊन. काळे झबले, वर लोकरीची शाल. उंबरठ्यावर तिचे पाय थबकले. वारा होता. गल्ली केवढीशी, पण तिला ती दर्याएवढी वाटत असणार. मग तिने शाल त्याच्या तोंडावरून थोडी बाजूला केली आणि पाऊल टाकले.

वर एक सीगल पक्षी ओरडला. वेदने डोळे मोठे केले. त्याने आभाळ पाहिले, रंगीत घरे पाहिली, पुन्हा आभाळ पाहिले. पहिल्या दिवशी मी जसे पाहिले होते, अगदी तसेच. माझ्यासारखा आणखी एक जण जगात आहे, हे पाहून मला इतका आनंद झाला म्हणून सांगू!

काकूंनी दार उघडले आणि काही बोलायच्याऐवजी डोळ्यांना पदर लावला. होदन आली, विन्स्टननी पाठवलेला अख्खा ऊस घेऊन. मागोमाग गल्लीतली पोरेही जमली. काकूंनी माझ्या पोटात वाटी घातली आणि वेदच्या डोक्यावरून हलकेच बोरे ओतली. तो दचकला. मग त्याने मांडीवरचे एक बोर मुठीत धरले आणि असा काही हसला, की गल्लीतली पोरे ऊस वेचायचे विसरून त्याच्याकडेच बघत राहिली.

मित्रांनो, आता मी वरदाकडे असते. शनिवारी माझ्या पुढे वेदची बग्गी असते, आणि पुष्कळदा सोबत कोणी नवे माणूस असते. तुमच्याही घरात जिन्याखाली माझ्यासारखी कोणी पडली असेल. तिला पुसा, तेल घाला, बाहेर न्या. तिला ओळखणारी माणसे अजून बाजारात उभी असतील. आणि जी बाई तिला इतकी वर्षे ओढत नेत होती, तिला विसरू नका.

आम्ही विसरत नाही. परतताना आमचा पहिला थांबा काकूंच्या दारात असतो. वरदा माझे झाकण उघडून ताजी मेथी दाखवायला जाते, तर काकू तिचा हात धरतात.

"मेथी राहू दे गं," त्या म्हणतात. "आधी बस आणि सांग, कोण कोण भेटलं?"