ऐकेपर्यंत सुतक नाही

"त्याला कळलंच नाही, तर त्याला सुतक लागेलच कसं?" फोनवर सुदर्शन म्हणाला.

रुपाली स्मशानातून नुकतीच परत आली होती. दाराशी पायांवर ओतून घेतलेलं पाणी अजून घोट्यांवरून निथळत होतं. फोन तिनं स्पीकरवर टाकला होता, कारण भावाशी एकटीनं बोलायची तिची इच्छा नव्हती. समोर भिंतीला टेकून दुर्गाआत्या बसल्या होत्या, गेलेल्या हिंमतरावांच्या, म्हणजे रुपालीच्या वडिलांच्या, थोरल्या बहीण. सकाळी नारायण पेठेतून रिक्षानं आल्या त्या दहा दिवसांच्या बेतानं पिशवी भरूनच.

"हे शास्त्र तुला तिकडे कुणी शिकवलं?" रुपालीनं विचारलं.

"टोमणे नंतर मार. उद्या अभिनवची पहिली मॅच आहे. एकोणीस वर्षांखालच्यांची युरोपातली स्पर्धा आहे ही, गल्लीतली नाही. देशाकडून खेळतोय तो."

"कुठल्या देशाकडून?"

"आता तो वाद नको."

सुदर्शन वीस वर्षांपूर्वी नोकरीसाठी स्लोव्हेनियात गेला आणि तिथलीच मुलगी करून राहिला. अभिनव त्याचा एकुलता एक. मुलगा फुटसाल खेळतो, हे विश्रांतवाडीच्या या दोन खोल्यांत सगळ्यांना पाठ होतं. फुटबॉलच, पण छपराखाली, लाकडी फरशीवर, पाच-पाच जणांचा, लहान आणि कमी उसळणाऱ्या चेंडूनं. हिंमतराव त्याला 'खोलीतला फुटबॉल' म्हणत आणि एकही सामना चुकवत नसत.

"तू कधी निघतोयस?"

"मी इथून हललो तर त्याला कळणारच ना. स्पर्धा झाली की सगळेच येतो. दहाव्याच्या आत."

"अग्नी मी दिला, सुदर्शन. गुरुजींनी 'मुलगा?' एवढंच विचारलं."

"मग काय म्हणालीस?"

"म्हटलं, मॅच आहे."

मग सुदर्शनचा आवाज आणखी कोरडा झाला. "बाबांचा फोन चालू ठेव. मॅचच्या आधी तो त्यांना फोन करतो. घसा बसलाय, डॉक्टरांनी बोलणं बंद केलंय, असं सांगितलंय मी. मेसेज करेल तो. उत्तर दे काहीतरी. खोचक. तुला जमतं ते."

फोन बंद झाला. रुपाली आत्यांकडे वळली. "असं असतं का गं?"

"असतं," दुर्गाआत्या म्हणाल्या. "परदेशी असलं माणूस, तर ऐकल्या दिवसापासून धरायचं. ऐकेपर्यंत सुतक नाही. पण टपाल उशिरा पोचायचं म्हणून होतं ते. टपाल आपणच दाबून ठेवा, असं नव्हतं लिहिलं कुठं."

हिंमतराव येरवड्याच्या तुरुंगात शिपाई म्हणून लागले आणि सुभेदार होऊन निवृत्त झाले. त्या पहाटे त्यांनी चहा मागितला आणि चहा येईपर्यंत थांबले नाहीत. ताटकळत ठेवलेलं त्यांना कधीच आवडत नसे. रुपाली एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त काढायचं काम करायची. "काही नाही, मुंगी चावल्यासारखं वाटेल," हे वाक्य दिवसभर बोलून बोलून तिला त्याचा वीट आला होता. आता घरीही तेच बोलायचं होतं, आणि तेही मेलेल्या माणसाच्या वतीनं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुदर्शनचा पुन्हा फोन. चौकात श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागला होता आणि त्याचा फोटो कुणीतरी फेसबुकवर टाकला होता. "अभिनवच्या नजरेला पडलं तर? काढायला लाव."

फोटो टाकणाऱ्याला फोन करून तिनं तो काढायला लावला. चौकात मात्र स्वतः जावं लागलं. फ्लेक्स मेहबूबकाकांनी लावला होता. वडिलांबरोबर तुरुंगाच्या नोकरीत हयात काढलेले, रोज संध्याकाळी त्यांच्याशी भांडायला येणारे. ते खालीच खुर्ची टाकून बसले होते. वर हिंमतराव गणवेशात, कपाळाला आठी घालून.

"उतरवू?" मेहबूबकाकांनी विचारलं. "काल लावला, आज उतरवू? लोक म्हणतील हिंमतराव उठून बसला."

"काका, अभिनवला कळू द्यायचं नाहीये. त्याच्या मॅचेस आहेत."

"असं कुणी ठरवलं?"

"सुदर्शननं."

"आणि तू हो म्हणालीस." ते उठले. "बेटा, जन्मठेपेच्या माणसाची आई गेली ना, तरी त्याला खबर त्याच दिवशी मिळायची. तुझा बाप द्यायचा. ते काम कुणालाच नको असायचं. तो गजाआड उभं करून नाही सांगायचा. बाहेर काढायचा, नळापाशी न्यायचा, तिथं सांगायचा आणि नळ सोडायचा. 'ऐकलं की डोक्यावरून पाणी घ्यायचं असतं, घे,' म्हणायचा. हिंदू असो, मुसलमान असो, नळापाशीच. पाणी चालू असलं की बराकीला बाकीचं ऐकू जात नाही."

"हे बाबांनी घरी कधी सांगितलं नाही."

"घरी सांगायची गोष्ट आहे ती?"

शिडी लावून त्यांनी दोऱ्या स्वतःच कापल्या. चेहरा आत जाईल असा फ्लेक्स गुंडाळला आणि काखेत मारला. "तुमचा खेळ संपला की सांगा," म्हणाले आणि तिच्याकडे न बघता गेले.

दुपारी वडिलांच्या फोनवर मेसेज वाजला. अभिनवला देवनागरी वाचता येत नसे, म्हणून आजोबा-नातू इंग्रजी अक्षरांत मराठी लिहीत. हिंमतरावांची अक्षरं कायम मोठी, कॅपिटल, कारण ती लहान कशी करायची हे त्यांना कुणी दाखवलं नव्हतं आणि त्यांनी विचारलंही नव्हतं. प्रत्येक सामन्याआधी नातवाला एक शिवी, हा त्यांचा रिवाज होता.

'घसा बसला म्हणे सुभेदार. शिवी पाठवा. दोन तासांत मॅच.'

रुपालीनं ठरवलं होतं, खरं काय ते लिहायचं. सुदर्शनचं काय व्हायचं ते होऊ दे. तिनं मेसेज उघडला, त्याच्याकडे निळ्या खुणा उमटल्या असणार, आणि मग मात्र घाई झाली; वडील उत्तराला कधी वेळ लावत नसत. तिचा अंगठा चालू लागला. 'डावा पाय घरी ठेवून आलास का गाढवा. उजव्यावरच खेळायचं तर लंगडी खेळ.'

लगेच उत्तर आलं. 'वा. तब्येत ठणठणीत आहे तुमची.'

रुपालीला हसू फुटलं. शेजाऱ्यांनी आणून दिलेलं पिठलं निवडल्यासारखं चिवडत बसलेल्या दुर्गाआत्यांनी मान वर केली. "काय झालं?"

"काही नाही."

"सुतकात हसायला काही नाही कसं होईल?"

स्लोव्हेनियानं तो सामना जिंकला. पुढचा बरोबरीत सुटला, त्यानंतरचा पुन्हा जिंकला. सुदर्शनचे फोन येत आणि प्रत्येक फोनला भांडण होई. अस्थींवरून झालं, सोसायटीच्या फळ्यावर खडूनं लिहिलेल्या नावावरून झालं. "तिकडे प्रेक्षकांत बसून मला सूचना देऊ नकोस," ती म्हणाली. "तुला काय माहीत इथं काय ताण आहे," तो म्हणाला. "नाही बाबा, मला कसं माहीत असणार, मी तर फक्त प्रेत उचललं."

पण फोन ठेवला की ती वडिलांचा फोन चार्जिंगला लावी. उशाशी ठेवी. अभिनव आता सामन्याआधीच नव्हे, मधेही लिहू लागला होता. आजोबा बोलू शकत नाहीत, तर त्यांना करमत नसेल, असा त्याचा हिशेब. त्याचं मराठी सगळं आजोबांकडून आलेलं. अठरा वर्षांचा पोरगा युरोपातल्या हॉटेलातून लिहायचा, 'गोलकीपरला सक्त ताकीद दिली आहे.' ती उत्तर द्यायची. शब्द शोधावे लागत नव्हते. वडील जे बोलले असते ते तिच्या बोटांत आपोआप उतरे, आणि तेवढा वेळ ते आतल्या खोलीत पेपर वाचत असल्यासारखं वाटे.

एकदा त्यानं विचारलं, 'आत्या कशी आहे?'

त्याची आत्या म्हणजे ती स्वतःच; यावर मात्र अंगठा अडला. वडील तिच्याबद्दल तिच्यामागे काय बोलत, तिला ठाऊक नव्हतं. बऱ्याच वेळानं तिनं लिहिलं, 'आहे. लोकांचं रक्त पिते.'

'तुम्ही नेहमी हेच म्हणता,' त्याचं उत्तर आलं.

तिनं ते वाचलं, फोन पालथा ठेवला आणि न सांगता खाली जाऊन गेटपर्यंत चालून आली.

उपांत्य सामना पोर्तुगालशी होता, आपल्याकडे संध्याकाळी. रुपालीनं स्वतःच्या मोबाइलवर लावला.

"सुतकात टीव्ही नाही लावायचा," दुर्गाआत्या म्हणाल्या.

"हा मोबाइल आहे."

"मग जरा इकडे धर. आपला कुठला?"

"नऊ नंबर."

"केवढा वाळलाय! खायला घालतात की नाही?"

चेंडू इकडून तिकडे इतक्या झपाट्यानं जाई की दुर्गाआत्यांची मान दुखायला लागली. पोर्तुगालनं दोन गोल केले, स्लोव्हेनियानं दोन्ही फेडले. अभिनव आत आला, बाहेर गेला, पुन्हा आत आला. रुपाली पुढे सरकत सरकत गादीच्या कडेला आली होती. दोन्ही हात एकमेकांत घट्ट.

"काय गं, तू कधीपासून देव पाण्यात ठेवलेस?" आत्यांनी विचारलं. "काल तर म्हणत होतीस, आग लागो त्या स्पर्धेला."

रुपालीनं हात सोडवले. ते खरं होतं. हा संघ जिंकावा असं तिला जिवाच्या आकांतानं वाटत होतं, आणि ते ना अभिनवसाठी होतं, ना त्याच्या देशासाठी. जिंकले तर अंतिम सामना होता. अंतिम सामन्यापर्यंत शिवी लागणार होती. हरले की आज संध्याकाळीच बाबा मरणार होते.

पोर्तुगालनं तिसरा गोल केला. शेवटच्या मिनिटात चेंडू अभिनवच्या पायात आला, डाव्या. त्यानं मारला. खांबाला लागून चेंडू बाहेर गेला, आणि वेळ संपली.

तिच्या हातातच मोबाइल वाजला. सुदर्शन.

"संपलं. आता मी सांगतो त्याला. कपडे करून बाहेर आला की. आणि ऐक, आजच गेले असं सांगायचं. आज सकाळी."

"काय?"

"इतके दिवस लपवलं हे कळलं तर आयुष्यभर डोक्यात ठेवेल तो. एवढी तारीख सोडली तर काय फरक पडतो? सुतकही आजपासूनच धरायचं ना त्यानं!"

"ज्या दिवशी मी अग्नी दिला त्या दिवशी बाबा जिवंत होते, असं सांगणार तू?"

"तू मधे पडू नकोस, रुपाली. माझा मुलगा आहे."

"आणि तू कुणाचा होतास?"

तिनं फोन कापला. तेवढ्यात उशाशी ठेवलेला वडिलांचा फोन वाजला. मेसेज होता.

'हरलो. डावा पाय होता, पण वाकडा. द्या शिव्या.'

तिनं तो उघडला, म्हणजे त्याच्याकडे निळ्या खुणा उमटल्या. तो तिकडे त्या खुणांकडे बघत बसला असणार. रुपालीनं मोठ्या अक्षरांत एक शब्द लिहिला, पुसला. मग तिनं वडिलांच्याच फोनवरून त्याला फोन लावला.

एका रिंगमध्ये उचलला. "बोला सुभेदार!" आवाज ओढलेला होता, मागे लोखंडी कपाटांची दारं आपटत होती. "सुटला वाटतं घसा. द्या आता."

"अभिनव, मी आत्या."

"आजोबांना दे ना."

"तू कुठं आहेस?"

"चेंजिंग रूममध्ये. का?"

"सगळे आहेत तिथं?"

"हो. सगळे रडतायत."

"शॉवर असेल ना आत? तिथं जाऊन उभा राहा. एकटा."

तो काहीतरी पुटपुटला. फरशीवर बुटांचे चीं-चीं आवाज आले, एक दार लागलं. पाठीमागचा गलका कमी झाला. "आलो. काय झालं, आत्या?"

"आजोबा गेले. आज नाही. तुझ्या पहिल्या मॅचच्या आदल्या दिवशी, पहाटे."

दुर्गाआत्यांनी गुडघ्यावर हात ठेवून तिच्याकडे पाहिलं आणि नजर खाली घातली.

"मग मला गाढव कोण म्हणालं?" त्यानं विचारलं.

"मी."

"सगळ्या वेळी?"

"सगळ्या वेळी."

दारावर कुणीतरी थाप मारली, त्यांच्या भाषेत हाक मारली. त्यानं ओ दिली नाही. मग तो म्हणाला, "आता मी काय करायचं असतं?" इतका शुद्ध, सरळ प्रश्न. याचे शब्द आजोबांनी त्याला शिकवले नव्हते.

"ऐकलं की डोक्यावरून पाणी घ्यायचं असतं," रुपाली म्हणाली. "नळ सोड आणि घे."

त्यानं फोन बंद केला नाही. कुठंतरी फळीवर ठेवला असावा. प्लास्टिक टेकल्याचा आवाज आला आणि मग पाणी सुरू झालं, एकदम, जोरात.

गादीवर तिचा स्वतःचा मोबाइल थरथरू लागला. सुदर्शनचं नाव उमटलं, विझलं, पुन्हा उमटलं. दुर्गाआत्यांनी हात लांब करून तो पालथा घातला.

पाणी चालूच होतं. रुपालीनं वडिलांचा फोन कानापासून थोडा दूर धरला, पण बंद केला नाही.