सातचा भोंगा आणि सुगराबींचा हट्ट

मित्रांनो, संध्याकाळी सात वाजता ज्याच्या आवाजानं एक अख्खं गाव टीव्ही बंद करतं, तो भोंगा मीच. गाव सांगली जिल्ह्यातलं, कडेगावच्या वाटेवरचं. नाव मात्र सांगत नाही. सरपंच नानासो आधीच माझ्यावर खार खाऊन आहेत, त्यात आणखी भर कशाला?

उमेदीची वर्षं मी शिरवळजवळच्या एका गिरणीवर काढली. मी ओरडलो की पाळी बदलायची. पुढं गिरणी बंद पडली आणि मी मलकापुरात भंगारात जाऊन पडलो. चिमण्यांनी माझ्या तोंडात काड्या भरल्या. एकदा तिथल्या निजाम मिस्त्रींनी मला उचललं, गंज खरवडला, मोटर नव्यानं भरली आणि म्हणाले, "आवाज लय दमदार हाय ह्याचा. ह्याला मरू द्यायचं न्हाई." त्या एका वाक्यावर मी आजही जगतो बघा.

मग ह्या गावानं मला ग्रामपंचायतीच्या गच्चीवर बसवलं. ठराव असा झाला की सातला भोंगा वाजला की टीव्ही बंद, मोबाइल बंद आणि पोरं अभ्यासाला. सुरुवातीला बायकांनी मला शिव्या घातल्या, मालिका बुडायची ना! पण पोरं शिकू लागली तशा शिव्या थांबल्या. समोरच्या घरातल्या, बांगड्या विकणाऱ्या सुगराबींचा सरफराज माझ्याच आवाजावर पुस्तक उघडायचा. तो फौजेत गेला. शत्रूची क्षेपणास्त्रं आकाशातच पाडणाऱ्या तुकडीत लागला. तेव्हा सुगराबींनी माझ्याकडं बघून हात जोडले होते. मला काय वाटलं असेल, सांगा!

आणि मग सीमेवर तणाव वाढला. टीव्हीवाले दिवसभर ओरडत होते, "आपलं आकाश अभेद्य! एकही क्षेपणास्त्र आत येणार नाही!" त्यातच वरून हुकूम आला की गावोगाव सराव घ्या. दुपारी भोंगा वाजेल, तेव्हा माणसांनी खिडक्यांपासून लांब, पक्क्या भिंतीआड बसायचं. नानासोंनी मोबाइलवर तो हुकूम वाचला आणि मोबाइल खिशात टाकला. टीव्हीवर सांगतायतच की, लोकांनी बघितलं असेल, असं त्यांना वाटलं.

दुपारी बटण दाबलं. मी छाती फुटेस्तोवर ओरडलो. आणि काय सांगू मित्रांनो, गावानं पटापट टीव्ही बंद केले! ज्या टीव्हीवर सूचना चालल्या होत्या, तेच. पोरं मैदानावरून पळत आली आणि ओट्यावर, उघड्यावर, पाढे म्हणत बसली. "आज एवढ्या लवकर कसा काय वाजला?" म्हणत बायकांनी सतरंज्या अंथरल्या. भिंतीआड एक माणूस गेलं नाही. मला हसावं की रडावं कळेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी नानासोंनी माझ्याखालच्या अंगणात गाव जमवलं. शाळेतली बाकडी आणून मांडली. पोरांनी बाकड्याखाली बसायचं, फोटो काढायचे आणि तालुक्याला 'सराव यशस्वी' म्हणून पाठवून द्यायचे. पोरं खुशीत वाकायला लागली, तेवढ्यात सुगराबी पुढं आल्या.

"नानासो, काल असं काय झालं न्हाई. फोटू कशाचा काढताय?"

"आवं सुगराबी, एवढं काय त्यात? क्षेपणास्त्र पाडायची यंत्रणा हाय की वर. हितवर काय येतंय?"

"त्या यंत्रणेपाशी माझा पोरगा हुबा हाय. त्यो म्हनतो, अम्मा, आमी जीव तोडून पाडतो, पर एखादं सुटू शकतं. तवा खालच्या मानसाला काय करायचं ते ठावं पायजे."

आप्पासो उठले. ते फौजेतून निवृत्त झालेले, गावात त्यांच्या शब्दाला वजन. "लढाईच्या दिवसांत असले प्रश्न काढायचे नसत्यात," ते म्हणाले. "जवानांचं मनोबल खचतं."

सुगराबींचा आवाज चढला. मी भोंगा असून सांगतो, तसा आवाज मला काढता येणार नाही. "आप्पासो, तुमी सरहद्दीवर व्हता. पाठीमागनं कुनी खोटंच कळवलं असतं, की दारूगोळा निघालाय, तर तुमचं मनोबल वाढलं असतं व्हय?"

आप्पासो हळूच म्हणाले, "न्हाई. मेलो असतो."

"मग? लढाई करायची का न्हाई, ते सरकारनं आमाला खरं सांगून, इचारून ठरवावं. आनि आपन बी वर खरंच कळवू. आज खोट्या फोटूवर सरकार इसंबलं आनि उद्या खरंच काय पडलं, तर मरनार कोन? हीच पोरं ना?" असं म्हणून त्यांनी आपल्या नातीला, नौशीनला, बाकड्याखालून ओढून काढलं. "माझं पोर ह्या फोटूत बसनार न्हाई."

मग दुसरी आई उठली, मग तिसरी. बघता बघता बाकड्यांखाली कुणी उरलं नाही.

नानासोंचा चेहरा पडला. सगळ्यांदेखत त्यांनी तालुक्याच्या साहेबांना फोन लावला, तोही स्पीकरवर. "साहेब, भोंगा वाजला, पर आमचं गाव अभ्यासाला बसलं."

"अहो, बाकी सगळ्या गावांनी यशस्वी कळवलंय. तुमचंच एकट्याचं असं कसं?"

नानासोंनी सुगराबींकडं बघितलं. "त्यांचं मला म्हाईत न्हाई साहेब. आमचं फसलं. आमाला परत सराव पायजे."

निजाम मिस्त्री मलकापुराहून आले. त्यांनी मला धोक्याचा वेगळा, खालीवर होणारा आवाज शिकवला. नानासोंनी दारोदार फिरून तो समजावला. पुन्हा सराव झाला तेव्हा मी ओरडलो आणि गल्ली क्षणात ओस पडली. एवढी ओस गल्ली बघून मला पहिल्यांदाच आनंद झाला.

त्या संध्याकाळी सरफराजचा फोन आला. "अम्मा, सगळं ठीक हाय ना?" एरवी सुगराबी नुसतं 'व्हय' म्हणायच्या. आज म्हणाल्या, "आदी लय फजिती झाली, बाळा. आता जमतंय." सरफराज हसला आणि म्हणाला, "हे बरं सांगितलंस. आता हितं माझं मन लागंल."

मित्रांनो, मी म्हातारा झालोय. मला तेल घाला, पावसाआधी माझा गंज काढा, चिमण्यांना दुसरीकडं घर द्या. पण एवढं करूनही एखाद्या दिवशी माझा आवाज निघाला नाही, तर 'भोंगा वाजला' असं कुणाला सांगू नका.