एक कार्ड गाडीला, एक वाटेला

“तुझं कार्ड दे,” दाजी म्हणाले.

“माझं कसं? तुमचं द्या.”

“अरे, तुझंच दे. ऐक माझं.”

“दाजी, ठरलंय ना आपलं? माझं गाडीत अडकलंय. तुमचं काढा.”

तिकीट खिडकीतल्या बाई हात पुढे करून वाट बघत होत्या. मागे गाड्यांची रांग लागली होती आणि समोर धक्क्याला दिवसातली शेवटची बोट उभी होती. ती सव्वापाचला सुटणार होती, आणि पावणेपाच वाजले होते. दाजींनी खाली मान घालून पाकीट काढलं आणि कार्ड दिलं. मशीननं ते नाकारलं. मग मी माझं दिलं, नाकारणार हे माहीत असूनही. तेही नाकारलं. बाईंनी दोन्ही कार्डं एकावर एक ठेवून, कडा जुळवून परत केली आणि रोख इथे चालत नाही अशी खिडकीवरची पाटी दाखवली. चालली असती तरी आमच्याजवळची रोख चहापाण्यापुरतीच होती. गाडीसकट बोटीत चढायचं म्हणजे तिकीट काही थोडंथोडकं नव्हतं.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. शाळेच्या ऑफिसात त्यांची सगळी नोकरी गेली. मी बारा वर्षांचा असताना आई-वडील वर्षाच्या आत गेले आणि ताईनं मला आपल्या घरी आणलं. तिच्या लग्नाला तेव्हा आठ महिने झाले होते. दोन खोल्या, त्यात दाजींची आई, आणि वर मी. नवीन लग्न झालेल्या माणसाच्या घरात मेव्हणा येऊन पडला तर दुसरा कोणी आठवड्यात तोंड वाकडं करेल. ह्या माणसानं माझ्यासाठी भिंतीत एक फळी ठोकली आणि म्हणाले, ही तुझी, पुस्तकं ठेव. पुस्तकं माझ्या हातून फार काही वाचून झाली नाहीत. मग त्यांनीच मला लिफ्टच्या कामाला घातलं. “इमारती काही खाली उतरत नाहीत, वरच चालल्यात. तुला काम कमी पडणार नाही,” म्हणाले. बरोबर निघालं. छत्तीस वर्षं मी लिफ्टच्या बोगद्यात उभा राहून दोर तपासले, ब्रेक बसवले, ग्रीस लावलं आणि पोट भरलं, तेही चांगलं भरलं.

मी कमावता झाल्यापासून आमचं एकच भांडण. पैसे कोणी द्यायचे. हॉटेलात दाजी हात धुवायच्या निमित्तानं उठायचे आणि गल्ल्यावर पैसे देऊन यायचे. डॉक्टर असो, रिक्षा असो, माझ्या खिशात हात जाईपर्यंत ह्यांचा व्यवहार उरकलेला. मी चिडायचो. ताई म्हणायची, “तुम्ही दोघं पैसे द्यायलाच भेटता का?”

ती ताई चार महिन्यांपूर्वी लेकीच्या बाळंतपणासाठी इतक्या लांब, परदेशात आली होती. नात झाली, सगळं छान झालं. आणि चार दिवसांपूर्वी तिच्या डोक्यात रक्तस्राव झाला. भाचीचा फोन आला: “मामा, बाबांना घेऊन ये. आत्ता शुद्धीवर आहे, एखाददुसरा शब्द बोलते. डॉक्टर म्हणतात, पुन्हा झालं तर ते शेवटचं, आणि ते कधीही होईल.” आम्ही तिसऱ्या दिवशी विमानात बसलो.

निघण्याआधी बँकेतल्या साहेबांनी समजावलं होतं. तिकडे गाडी भाड्यानं घेतली की डिपॉझिट म्हणून कार्डावरची मोठी रक्कम रोखून धरतात. पैसे जात नाहीत, पण वापरताही येत नाहीत. गाडी परत केल्यावर काही दिवसांनी मोकळे होतात. आमच्या कार्डांची ऐपत बेताचीच, म्हणून आम्ही सरळ हिशोब केला: एक कार्ड गाडीला, एक वाटेला. गाडी मी चालवणार, म्हणून गाडीला माझं. वाटेला दाजींचं.

“मग तुमचं का चालत नाही?” मी विचारलं. बाईंच्या सांगण्यावरून गाडी रांगेतून काढून बाजूला लावली होती.

दाजी समोरच्या काचेकडे बघत बोलले. “तू त्या लिफ्टपाशी गेलास ना, तेव्हा ती काउंटरवरची मुलगी म्हणाली, हे कार्ड काही लागत नाही. मला वाटलं, आता तू येणार आणि चार लोकांसमोर तुला ऐकून घ्यावं लागणार. म्हणून माझं दिलं. तिला म्हटलं, त्याला सांगू नका.”

मी डोक्याला हात लावला. झालं होतं ते असं. विमानतळावर भाड्याच्या गाडीच्या काउंटरवर माझं कार्ड घातल्यावर मशीन बराच वेळ नुसतं फिरत राहिलं. तेवढ्यात माझ्या फोनवर बँकेचा मेसेज आला, रक्कम रोखली म्हणून. मी समजलो, काम झालं. आणि पलीकडे एका लिफ्टचं दार मिटायचं, अर्ध्यातून उघडायचं, पुन्हा मिटायचं. आत चाकाच्या खुर्चीवर एक म्हातारी. आता सांगा, लिफ्टवाल्यानं ते बघत उभं राहायचं का? मी गेलो. दाराखालच्या खाचेत बाटलीचं बूच अडकलं होतं, ते काढलं. चार मिनिटांचं काम. त्या चार मिनिटांत मुलीच्या मशीनवर उत्तर आलं नाही म्हणून तिनं दाजींना विचारलं आणि दाजींनी आयुष्यभर जे केलं तेच केलं. एकाच गाडीचं डिपॉझिट दोन कार्डांवर रोखलं गेलं. मग तीन तास आम्ही शेजारी शेजारी बसून आलो. रस्त्याबद्दल बोललो, गाडीचं स्टिअरिंग उलट्या बाजूला कसं त्याबद्दल बोललो, ताईबद्दल बोललो. ह्याबद्दल एक अक्षर नाही, कारण दोघांनाही वाटत होतं की दुसऱ्याचं कार्ड मोकळं आहे.

मला राग आला. खोटं कशाला सांगू, भयंकर आला. “प्रत्येक ठिकाणी तुमचाच हात पुढे. छत्तीस वर्षं कमावतोय मी. एकदा तरी मला करू दिलंत का काही?”

“मला काय माहीत तुला मेसेज आलाय? तू बोलला नाहीस.”

“तुम्ही तरी कुठे बोललात?”

दाजी अगदी हळू म्हणाले, “बोट चुकली, तर तिला काय सांगायचं रे?”

माझा राग तिथेच संपला. दुसरी बोट सकाळी आठला होती. रस्त्यानं वळसा घालून जायचं तर सात तास, आणि तेवढं पेट्रोल भरायलाही कार्डच लागणार. भाचीला तीन वेळा फोन लावला. ती आयसीयूत होती, तिथे फोन बाहेर ठेवायला लावतात. कोणी उचलला नाही.

दाजींनी गाडीचे कागद काढले. शाळेच्या ऑफिसातला माणूस, कागद कसा नीट घडी करून ठेवलेला. एका कोपऱ्यात त्या काउंटरवरच्या मुलीनं पेननं आपला नंबर लिहून दिला होता, काही अडलं तर फोन करा म्हणून. असं म्हणतात सगळेच. मी फोन लावला तेव्हा मला काडीचीही आशा नव्हती.

तिनं दुसऱ्याच रिंगला उचलला. मी मोडकंतोडकं बोलायला लागलो, तशी म्हणाली, “लिफ्ट दुरुस्त करणारे ना तुम्ही?” तिची ड्यूटी संपली होती, ती घरी निघाली होती. गाडीपर्यंत पोचली होती. मी आमची अडचण सांगितली, दवाखान्याचं सांगितलं. ती म्हणाली, “फोन ठेवू नका,” आणि मला तिच्या बुटांचा आवाज ऐकू येत राहिला. ती परत चालली होती. मग कुलूप उघडल्याचा आवाज, मग कॉम्प्युटर सुरू झाल्याचा.

“दोन नोंदी दिसताहेत,” ती म्हणाली. “पहिली झाली होती, पण माझ्या मशीनला उत्तर उशिरा आलं. दुसरी घेण्याआधी मी तपासायला हवं होतं. चूक माझी आहे.”

परक्या देशात, ड्यूटी संपल्यावर, कोणी आपण होऊन म्हणतं का हो असं? मी इतकी वर्षं कंपन्यांत काढली, चूक नेहमी दोराची असते किंवा गिऱ्हाइकाची.

“एक सोडवता येईल,” ती म्हणाली. “कोणाचं सोडवू?”

“ह्याचं सोडवा,” दाजी फोनमध्ये वाकून म्हणाले.

“नाही, त्यांचं सोडवा,” मी म्हटलं.

ती बहुधा हसली असावी. मग म्हणाली की नियमानं डिपॉझिट गाडी चालवणाऱ्याच्याच नावावर राहतं, तेव्हा भांडायचं कारण नाही. दाजींचं सुटणार. तिनं दाजींच्या बँकेला त्याच फोनवर जोडून घेतलं, त्या नोंदीचा नंबर वाचून दाखवला, ही रक्कम आम्हाला नको म्हणून सांगितलं. बँकेतल्या माणसानं खात्रीसाठी दाजींना विचारलं, पत्नीची जन्मतारीख? दाजींनी तारीख सांगितली आणि वारही सांगितला. वार कोणी विचारला नव्हता.

“थोडा वेळ लागेल,” बँकेतला माणूस म्हणाला. पाच वाजून दोन मिनिटं झाली होती. बोटीत गाड्या चढायला लागल्या होत्या. आम्ही दोघं खिडकीपाशी जाऊन उभे राहिलो. बाईंनी कार्ड घेतलं, घातलं, नाही लागलं. मिनिटभरानं पुन्हा घातलं, नाही लागलं. रांगेतली शेवटची गाडीही पुढे गेली. दाजींनी खिडकीची कड धरली होती. बाईंनी कार्ड आपल्या बाहीला पुसलं, जणू त्यानं काही होणार होतं, आणि तिसऱ्यांदा घातलं. मशीननं तिकीट बाहेर काढलं.

म्हणजे तिकीट शेवटी दाजींनीच काढलं. ते ठीकच झालं.

फोन अजून चालू होता. मी म्हटलं, “मिळालं.” पलीकडून नुसता एक मोठा श्वास ऐकू आला. मी त्या मुलीचे आभार मानले, पण घाईत, अर्धेमुर्धे, आणि ते तसेच राहून गेले म्हणून आता इथे पुरते मानतो. बाई, तुम्ही परत चालत गेलात म्हणून पुढचं सगळं झालं. तुमचं भलं होवो.

आम्ही धक्क्यावर गाडी घेतली तेव्हा पाच वाजून सतरा मिनिटं झाली होती. बोटीची फळी अजून खाली होती. खिडकीतल्या बाईंनी वायरलेसवर काही सांगितलं होतं की बोटीलाच उशीर झाला होता, मला ठाऊक नाही. त्यांनी थांबवली असंच मी धरून चालतो. पलीकडे उतरल्यावर तासाभराचा रस्ता होता. साडेसातला आम्ही दवाखान्याच्या दारात होतो.

ताई जागी होती. उजवी बाजू गेलेली, तोंड जरासं वाकडं, केस उशीवर पसरलेले. दाजी पलंगाजवळ गेले. तिनं त्यांच्याकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, “आलात.” मग तिची नजर माझ्यावर आली. “जाड झालास,” म्हणाली. भाची दारात उभी राहून हसली आणि लगेच तोंड फिरवून रडली. माझा जीव भांड्यात पडला. पुढचं पुढे, पण आम्ही पोचलो होतो आणि ती आम्हाला ओळखत होती.

आम्हाला साडेतीन दिवस मिळाले. त्याहून जास्त मागायची माझी हिंमत नाही. नर्सनं दुसऱ्या दिवशी ताईचं अंग पुसलं आणि केसांचा गुंता बघून विचारलं, कापूया का थोडे? भाची बाळाला पाजायला गेली होती. दाजी म्हणाले, “नको. मी घालतो वेणी.”

त्यांनी जन्मात कधी वेणी घातली नव्हती. बेचाळीस वर्षं फक्त बघितली होती. नर्सनं ताईला कुशीवर केलं, दाजी खुर्ची ओढून बसले, आणि चष्मा नाकावर घेऊन एकेक बट सोडवत गेले. अर्धा तास लागला. झाल्यावर ताईनं डावा हात हळूहळू मागे नेला आणि वेणी चाचपली.

“सैल,” ती म्हणाली. “परत घाला.”

दाजींनी सगळी सोडली आणि परत घातली. रोज दुपारी हेच. रोज तिचा हात मागे जायचा, रोज ती सैलच निघायची आणि दाजी निमूट परत घालायला बसायचे.

शनिवारी सकाळी ताई गेली. नर्सनं नळ्या काढल्या, चादर बदलली आणि आम्हाला आत बोलावलं. दाजींनी कंगवा मागून घेतला. मी तिला कुशीवर धरलं. त्यांनी सावकाश, बट न् बट ओढून वेणी घातली, शेवटाला गाठ मारली. ह्या वेळी घट्ट झाली होती. तरीही ते शेपटा हातात धरून थोडा वेळ तसेच बसून राहिले.