कापलेली बाजू

मी जेट विमान बोलतोय. पूर्ण विमान नाही. वैमानिकांची खोली आणि तिच्यामागचा हातभर पत्रा, एवढाच उरलोय. बाकीचा मी वितळून कुणाच्या कढया-पातेल्यांत गेलो, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही.

सुमारे सत्तर वर्षांपूर्वी ओंटारिओतल्या एका कारखान्यातून मला पहिल्यांदा बाहेर ओढलं, तेव्हा बँड वाजत होता. प्रवासी जेट तेव्हा फार थोड्यांनी पाहिलं होतं. लोकांनी टोप्या उडवल्या. मीही उडालो, आणि चांगला उडालो. मग वरच्या कुणाला तरी नकोसा झालो. ज्या कामगारांनी मला जोडलं, त्यांच्याच हातात करवती दिल्या.

तोंड एका शेतकऱ्याने नेलं. माझ्यात त्याच्या कोंबड्या अंडी घालायच्या. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही.

पुढे वॉन शहरातल्या एका संग्रहालयाने मला गोदामात आणलं. तिथे हेमचंद्र भेटले. नागपूरचे निवृत्त इंजिनिअर, मुलाकडे मिल्टनला राहणारे. अकरा वर्षं, दर शनिवारी, दारातलं बर्फ शोव्हल करून ते यायचे. फुकट. कोंबड्यांची घाण त्यांनी दाढीच्या ब्रशने काढली. करवतीच्या खुणांना मात्र हात लावला नाही. फलकावर त्यांना एकच वाक्य हवं होतं : ‘हे विमान उत्तम उडत होतं, ते हुकमाने कापलं.’

२०१८च्या जूनमध्ये माझं अनावरण ठरलं. आदल्या दिवशी फलक आला. त्यावर लिहिलं होतं, ‘सेवानिवृत्त’. माझ्या कापलेल्या बाजूवर निळ्या आकाशाचं चित्र असलेली फळी बसवली होती.

“निवृत्त कशातून?” हेमचंद्र कडाडले. “एक तिकीट तरी फाटलं का याचं?”

“काका, प्लीज,” कार्यक्रम सांभाळणाऱ्या विजयालक्ष्मी म्हणाल्या. “स्पॉन्सर्स येतायत. एवढं निगेटिव्ह नको ना.”

“आजोबा, इट्स जस्ट अ साइन,” नात अनुया म्हणाली.

“जस्ट अ साइन असती, तर बदलली कशाला असती?”

दुसऱ्या दिवशी मंत्री आले. पडदा सरकला, टाळ्या पडल्या. भाषणात ‘वारसा’ हा शब्द नऊ वेळा आला, ‘करवत’ एकदाही नाही. पत्रकारांनी समोरून फोटो काढले, छापील पत्रक खिशात घातलं आणि सँडविचकडे वळले. एकानेही विचारलं नाही, की बाकीचं विमान कुठंय?

हेमचंद्रांची खुर्ची दोरीच्या पलीकडे, शेवटच्या रांगेत होती. ते उठले, माझ्या मागे आले आणि खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला. फळी निघाली. अनुया त्यांना शोधत आली. तिने माझ्या कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं.

“दे कट इट? बट इट वॉज फ्लाइंग!”

“हो.”

तेवढ्यात गार्ड आला. हेमचंद्रांचं ओळखपत्र तिथेच काढून घेतलं. संध्याकाळच्या आत फळी परत बसली. ते पुन्हा आलेले नाहीत. मंत्र्यांबरोबर हसणारा माझा फोटो मात्र दारात लावलाय.

तुम्ही याल तेव्हा समोर थांबू नका. तिथे सगळं खोटं आहे. मागे या. डावीकडचा खालचा स्क्रू कुणालाच सापडला नाही. तो मिल्टनला, एका म्हाताऱ्याच्या खिशात आहे. त्या कोपऱ्यात फळी जराशी उचलली जाते. बोट आत घाला. करवतीचे दात लागतील.

जपून. अजून धार आहे.