पोत्याशेजारचा माणूस

दातांच्या लॅबमध्ये त्याला सगळे हिरो म्हणत आणि तोही निमूट ओ देत असे. दिसायला तो हिरोबिरो काही नव्हता. टक्कल पडलेलं, खांदे वाकलेले, नखांत गुलाबी मेण अडकलेलं. डॉक्टर मंडळी पेशंटच्या हिरड्यांचे साचे पाठवायची, हा त्यांवर मेणात दात बसवून कवळ्या तयार करायचा. साऱ्या जगाचे दात सरळ करणाऱ्या या माणसाचा स्वतःचा वरचा एक दात मात्र शेजारच्यावर चढून बसला होता. लहानपणी पायरीवरून पडल्यापासून तो तसाच होता, कारण साहेबांना डॉक्टरच्या खुर्चीची भीती वाटायची. म्हणून हसू आलं की तोंडावर हात जायचा.

हिरो हे नाव पडलं ते वेगळ्याच कारणाने. तो विशीत असताना लाँचच्या धक्क्यावर एका सिनेमाचं शूटिंग झालं होतं. थंडीतली सकाळ दाखवायची होती आणि ऊन तर मी म्हणत होतं. शूटिंगवाल्यांनी बघ्यांतलीच पाचसहा पोरं धरली, सगळ्यांना एकसारख्या तपकिरी चादरी गुंडाळल्या, बाकावर बसवलं आणि "हसा" म्हणून सांगितलं. एवढ्या भांडवलावर त्याचा पुढचा सगळा संसार चालला. म्हणजे संसार पगारावरच चालला, पण रुबाब या भांडवलावर.

सिनेमाची डीव्हीडी घरात होती. पाहुण्याचा चहा संपायच्या आत ती लागायची. नायिका लाँचमध्ये पाय ठेवते, मागे बाक दिसतो, आणि तिथे हा चित्र थांबवून टीव्हीजवळ जायचा. "हे पोतं दिसतंय ना, बाकाच्या टोकाला? त्याच्या शेजारी हसतोय, तो मी." चेहरा म्हणजे एक पिवळट डाग आणि त्यात एक पांढरी रेघ. पण डाग रुबाबदार होता. मान ताठ, छाती पुढे. पाहुणे "हो हो, तुम्हीच की" म्हणायचे. खाल्ल्या बिस्किटाला जागायला नको का?

लग्न जुळवताना त्याच्या मामाने मुलीकडच्यांना "मुलगा सिनेमात चमकलाय" म्हणून ठोकून दिलं होतं. बायकोने या गोष्टीवर कधी अवाक्षर काढलं नव्हतं. पाहुण्यांसमोर तो बोट ठेवायचा तेव्हा ती कपबशा उचलून आत जायची. आपल्यासारख्या वाकड्या माणसाला हिने हो म्हटलं ते त्या डागाकडे बघूनच, असं त्याने मनोमन ठरवून टाकलं होतं. तिला विचारायची त्याची कधी छाती झाली नाही.

मग आले व्याही. लेकीचे सासरे वीज कंपनीतून मीटर तपासनीस म्हणून निवृत्त झालेले. काटा हलला तरच मानायचं, हा त्यांचा बाणा. पहिल्याच भेटीत दोघांची जुंपली. याने नवा मोठा टीव्ही आणि एचडी डिस्कचा प्लेअर घेतला होता आणि येईल जाईल त्याला त्याचे गोडवे ऐकवायचा सपाटा लावला होता.

"खूळ आहे हो कंपन्यांचं," व्याही म्हणाले. "माझा प्लेअर साधी डीव्हीडीच अपस्केल करून दाखवतो. चित्रात ठिपके कमी पडले, की आजूबाजूचं बघून मधले ठिपके भरतो. फरक शून्य."

"भरतो म्हणजे मनाचेच ना?" हा तावातावाने म्हणाला. "एचडीत जे असतं ते खरं असतं, व्याहीबुवा. जे होतं तेच दिसतं!"

हे वाक्य त्याने पुढे दर भेटीत ऐकवलं. माणसाने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घ्यायचा तरी किती वेळा! त्यात त्याच सिनेमाची एचडी डिस्क निघाल्याचं कळलं आणि याला चेव चढला. ठरलं असं की, रविवारी एकाच टीव्हीवर दोन्ही प्लेअर लावायचे, तोच धक्का, तोच बाक बघायचा, आणि हरणाऱ्याने या विषयावर पुन्हा तोंड उघडायचं नाही.

डिस्क आदल्या दिवशीच आली. बायको बहिणीकडे गेली होती. हिरोला धीर कुठला? दुपारीच पडदे ओढून त्याने डिस्क लावली. पाणी असं चमकलं की त्याने टाळीच वाजवली. नायिकेच्या शालीचा सुटलेला दोरासुद्धा दिसला. मग बाक आला आणि त्याने चित्र थांबवलं.

रुबाबदार माणूस हसत होता. वरचे दात एकेक मोजून घ्यावेत इतके स्वच्छ दिसत होते आणि सगळे ओळीत, सरळ. इतकी सुरेख ठेवण त्याने मेणातही क्वचितच साधली होती. धंद्याची सवय, पहिल्यांदा त्याच्या मनात कौतुकच आलं. मग जीभ आपोआप स्वतःच्या चढलेल्या दाताकडे गेली.

माणूस परका होता. मिशीची कोवळी रेघ, हनुवटीला खळी, कुठलाच संबंध नाही. आपण त्या प्लेअरला नावं ठेवत होतो, पण आपण तरी आयुष्यभर दुसरं काय केलं? ठिपके नव्हते तिथे आपल्याला हवे ते भरले. त्याला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त वाईट वाटलं. लॅबमधल्या पोरांचं सोडा, ती तशीही टिंगलच करत होती. पण उद्या बायको हे दात बघणार होती. वाद जिंकला तर हिरो गेला, आणि हिरो वाचवायचा तर व्याह्यांपुढे नाक घासणं आलं. इकडे आड, तिकडे विहीर. त्याने नाक घासायचं ठरवलं.

रविवारी व्याही आपला प्लेअर टॉवेलात गुंडाळून घेऊन आले. बरोबर लेकही होती. व्याह्यांनी वायर जोडायच्या आतच हा म्हणाला, "मी काय म्हणतो, तुमचंच खरं आहे. डीव्हीडीच बरी. डोळ्यांना कशी मऊ लागते."

व्याह्यांचा हात थांबला. "तुम्ही? कबूल करताय?"

"मोठ्या मनाने."

"काटा उलटा फिरतोय," व्याही लेकीकडे बघत म्हणाले. "म्हणजे मीटरमध्ये काहीतरी घोळ आहे. लाव गं ती डिस्क."

"तिच्यावर ओरखडा आहे बहुतेक," हा घाईघाईने म्हणाला. "आणि प्लेअर जरा तापतो..."

"बाबा, कोरी करकरीत आहे," लेक म्हणाली. बायको पदराला हात पुसत दारात येऊन उभी राहिली.

आधी डीव्हीडी लागली. व्याह्यांच्या प्लेअरने डाग जरा गोंडस केला होता. "वा! काय चित्र आहे!" हा एकटाच म्हणाला. मग लेकीने रिमोटचं बटण दाबलं आणि एचडी आली. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, ती आता भल्यामोठ्या टीव्हीवर उघडली.

व्याही चष्मा सावरत टीव्हीजवळ गेले. "दात फारच सरळ आहेत हो तुमचे."

"बाबा, तुम्ही तर लहानपणीच पडला होतात ना पायरीवरून?" लेक म्हणाली.

एखादी थाप मारावी म्हणून त्याने तोंड उघडलं, पण निघालं ते खरंच. तो बायकोकडे न बघताच म्हणाला, "तो मी नाहीये. मला कालच कळलं. इतकी वर्षं परक्याच्या थोबाडावर मिरवत होतो मी."

"तो तुम्ही नाही, हे मला लग्न झाल्यापासून माहीत आहे," बायको म्हणाली.

त्याने मान वर केली. "मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही इतके खुशीत असायचा. कशाला बोलायचं? आणि एवढा ताठ बसलेला माणूस तुम्ही कसे असाल? मला काय डोळे नाहीत?" ती बोलता बोलता थांबली. मग टीव्हीपाशी गेली आणि वाकून बघायला लागली. "अगंबाई! अहो, पण तुम्ही आहात की इथे."

तिचं बोट पोत्यावर होतं.

"ते पोतं आहे," तो म्हणाला.

"पोत्याला बोटं असतात का?"

बाकीचे तिघेही पुढे सरकले. पोत्याला बोटं होती. चादर डोक्यावरून घेतलेला एक पोरगा कमरेत वाकून बसला होता, खांदे पार गोळा झालेले, आणि एक हात तोंडावर गच्च. वर फक्त डोळे दिसत होते आणि ते हसून हसून बारीक झाले होते. हिरोला एकदम आठवलं. शूटिंगवाला "हसा" म्हणाला होता आणि त्याला खरंच हसू आवरलं नव्हतं. काल याच चित्रासमोर तो किती वेळ बसून होता, पण त्या टोकाकडे त्याने एकदाही पाहिलं नव्हतं.

"बघायला आले होते तेव्हा अस्सेच बसले होते," बायको लेकीला सांगत होती. "माझा मामा काहीतरी विनोद करत होता आणि हे आपले तोंड दाबून लोळतायत. मी तेव्हाच हो म्हटलं."

व्याह्यांनी आपल्या प्लेअरची वायर काढली आणि तो टॉवेलात गुंडाळायला घेतला. "हरलो बुवा," ते म्हणाले. "आमच्या प्लेअरवर हे साफ पोतं होतं."

त्यावर हिरोला जे हसू फुटलं ते थांबेना. तो कमरेत वाकला, हात तोंडावर गेला, आणि लेक एकदा त्याच्याकडे, एकदा टीव्हीकडे बघत राहिली.

डीव्हीडी आता कपाटात असते. पाहुणे आले की एचडी लागते, बाक येतो, चित्र थांबतं आणि हिरो उठून टीव्हीजवळ जातो. बायको कपबशा उचलायला आली असली तरी आता तिथेच उभी राहते.

"हा रुबाबदार माणूस दिसतोय ना?" तो म्हणतो. "त्याच्या शेजारचं पोतं, तो मी."