थोरले आबा म्हणायचे

मांडवगण फराट्याला हौसराव आप्पांच्या घरात कुठल्याही वादाचा निकाल एकाच वाक्यानं लागायचा: "थोरले आबा म्हणायचे." थोरले आबा म्हणजे आप्पांचे आजोबा. त्यांना आताच्या कुणीच धड पाहिलेलं नव्हतं, घरात त्यांचा साधा फोटोही नव्हता. पण मेलेलं माणूस एवढं बोलू शकतं, हे सून म्हणून त्या घरात येईपर्यंत अनिताला माहीत नव्हतं. रीतच होती तशी. म्हणीला उत्तर द्यायचं तर म्हणीनंच. साध्या शब्दांत कुणी काही बोललं की आप्पा भुवया वर करायचे, "थोरल्यांच्या म्हणीवर बोलतीस व्हय?" झालं, कारभार आटोपला.

अनिताच्या नवऱ्यानं, दत्तानं, उसाला ठिबक करायचं काढलं तर आप्पा म्हणाले, "अति तिथं माती." आता 'थेंबे थेंबे तळे साचे' ही म्हण काय मेली होती? पण दत्ताला ती सुचली दोन दिवसांनी, गोठ्यात, म्हशीपुढं. असला नवरा.

अनिता खुटबावची, नर्सचं शिकलेली. लग्नानंतर वर्षाच्या आत तिला सरकारी दवाखान्यात नोकरी लागली, तेव्हाही आप्पांनी ओट्यावरून म्हण सोडली होती: "सुनेचा पगार, घराला आजार." थोरले आबा म्हणायचे! अनितानं नोकरीसाठी आणलेली पांढरी साडी ट्रंकेच्या तळाला घातली. ती तिथंच पिवळी पडली.

आता पाळी तिच्या लेकीची होती. वैष्णवी बीएस्सी झाली आणि कुरकुंभच्या एका औषध कंपनीत, लॅबमध्ये लागली. राहायचं मामाकडं खुटबावला, चौफुल्यावरून कंपनीची बस. सोमवारी हजर व्हायचं होतं, म्हणून रविवारी सकाळी ओट्यावर कोर्ट भरलं. आप्पा होते, दत्ता होता आणि आप्पांचे चुलतभाऊ सावळाराम होते. सावळारामांना ह्या घरचा चहा फुकट मिळायचा, म्हणून तेही मत फुकट द्यायचे.

"शिफ्टची ड्युटी म्हंजी रातीअपरात्री येणं-जाणं," सावळाराम म्हणाले. "लोक काय म्हणत्याल?"

"लोकांचं सोड. थोरले आबा काय म्हणायचे? लेक म्हंजी परक्याचं धन." आप्पांनी मांडी बदलली. "आन् परक्याचं धन जपून ठेवत्यात, कंपनीत न्हिऊन टाकत न्हाईत."

वैष्णवी भरलेली बॅग घेऊन दारात उभी होती. तिनं बापाकडं पाहिलं. बाप स्वतःच्या चपलेचा अंगठा तपासत होता.

आत अनिताच्या हाताखालची भाकरी फाटली. तिला वाटलं, आता ही पोरगीही ट्रंकेच्या तळाला जाणार. ती पिठाच्या हातांनी तशीच ओट्यावर आली.

"मामंजी, थोरल्या आबांची दुसरी बी म्हण हाय की. तुमीच सांगितलेली."

"कंची गं?"

कंची ते अनिताला तरी कुठं माहीत होतं! समोर रस्त्यापलीकडं त्यांचाच ऊस उभा होता. त्याला तुरे आले होते आणि तोडणीची टोळी अजून आली नव्हती. आप्पांचा जीव रोज त्या उसात टांगलेला असायचा.

"लेकीच्या वाटंत जो आडवा," अनिता म्हणाली, "त्याचा ऊस निघं कडवा."

आप्पांनी उसाकडं पाहिलं, मग सावळारामांकडं. ही म्हण आपल्याला ठाऊक नाही असं म्हणावं तर थोरल्या आबांचा कारभार सुनेच्या हाती जाणार!

"व्हय की!" आप्पांनी गुडघ्यावर थाप मारली. "माझी आई जात्यावर म्हणायची ही!"

"लई जुनी हाय," सावळाराम मागं कशाला राहतील? "आमच्याकडं बी म्हणत्यात."

"जाऊ द्या पोरीला. जुन्या माणसांनी उगं न्हाई सांगून ठेवलं."

अनितानं तोंडावर पदर धरला. पोरीला वाटलं आई रडतेय. रडतेय कसली, हसू आवरत नव्हतं. ह्या असल्या माणसांपुढं आपण इतकी वर्षं मान खाली घातली!

ती आत येऊन परातीपुढं बसली. सासू साळूबाई भिंतीला टेकून मेथी निवडत होती.

"ऊस कशाला घातलास गं त्यात?" साळूबाई मान वर न करता म्हणाली. "थोरल्या आबांच्या टायमाला ह्या शिवारात नुसती बाजरी व्हती. जरा इचार करून रचायची. नशीब, ह्या बाप्यांना डोकं न्हाई."

अनिताचा हात पिठात थांबला. "आत्याबाई, तुमाला कसं कळलं?"

"मला न्हाई कळणार तर कुणाला? माझ्याकडनं बी तशीच चूक झाली व्हती. थोरल्या आबांच्या टायमाला गावात पगार तरी कुणाला व्हता? तरी कुणी इचारलं न्हाई. मी सांजच्याला ह्यांच्या कानात घातली, सकाळी ओट्यावर ह्यांची झाली."

"पगार..." अनिता सासूकडं वळली. "सुनेचा पगार, घराला आजार. ती तुमी रचली?"

"मग? तू दवाखान्यात गेल्यावर एवढ्या खटल्याच्या भाकरी कुणी थापायच्या? माझी मनगटं तवाच धरली व्हती." साळूबाईनं मेथीची काडी मोडून बाजूला टाकली. मेथीत मीठ किती घालायचं ते सांगावं, तसं तिनं हे सांगितलं.

इतकी वर्षं अनितानं थोरल्या आबांना मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या. त्या बिचाऱ्याला पत्ताही नव्हता! परातभर भाकरींसाठी तिची नोकरी गेली होती. असा संताप आला की परात उचलून भिरकावून द्यावी. तिनं ती उचलली आणि सासूपुढं ठेवली.

"अगं, माझी मनगटं..."

"थोरले आबा म्हणायचे," अनितानं मोठ्यानं सुरुवात केली. ओट्यावरून लगेच आवाज आला, "काय म्हणायचे गं?"

म्हण जुळत आली होती, यमकही जिभेवर होतं. अनितानं ते गिळलं.

"ते काय बी म्हणत न्हवते, मामंजी." ती हात धुऊन बाहेर आली. वैष्णवीच्या हातातली बॅग तिनं स्वतःच्या खांद्यावर घेतली. "मी म्हणते. आजच्या भाकरी आत्याबाई थापत्यात. मी लेकीला पोचवायला खुटबावला चालले, दोन दिवस माहेरी राहून येईन. चल गं, एसटी जाईल."

आप्पांनी सावळारामांकडं पाहिलं, सावळारामांनी दत्ताकडं. साध्या बोलण्याला काय उत्तर द्यायचं, हे त्या घरात कुणी शिकलंच नव्हतं.