मास्तर नावाचा टोमॅटो

नवरा सोडणं सोपं. कोर्टात चार चकरा मारा, सह्या करा, कपाटं वाटून घ्या, सुटलात. पण नवऱ्याच्या नावावर गेलेला टोमॅटो परत मिळवणं भल्याभल्यांना जमायचं नाही.

टोमॅटो माझा. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे नंतर कोणी मध्ये तोंड घालायला नको. मी दात बनवते. कवळ्या, दाढा, पुढचे दोन, ज्याला जे लागेल ते. आमच्या कारखान्याच्या मागे प्लास्टरचे फुटके साचे टाकतात. त्या ढिगात एका वर्षी टोमॅटोचं रोप आपलं आपणच उगवलं. फळ दिसायला भयंकर. पिवळं, चुण्याचुण्यांचं, देठापाशी कायम हिरवं. पण चव अशी, की मी उभ्याउभ्या चार खाल्ले आणि पाचव्याचं बी धरलं. मग आठ वर्षं हाच उद्योग. सगळ्यात गोड झाड निवडायचं, त्याचंच बी ठेवायचं, बाकीच्यांना नारळ द्यायचा. आठव्या वर्षी तो चारचौघांत मांडण्यासारखा झाला आणि नेमकी त्याच आठवड्यात मी जिन्यावरून पडले. पाय प्लास्टरमध्ये. बी घेऊन बैठकीला नवरा गेला.

बैठक म्हणजे आम्हा बागवाल्यांची. हिवाळा सरत आला की आम्ही अकरा जण सायकलवाल्याच्या दुकानावरच्या खोलीत जमतो. बियांच्या पुड्यांची अदलाबदल होते आणि यंदा कोणी, काय, कुठल्या आठवड्यात पेरायचं ते भिंतीवरच्या मोठ्या कागदावर लिहिलं जातं. नवं वाण जो टेबलावर पहिल्यांदा ठेवेल, त्याचंच नाव त्या वाणाला पडतं आणि तोच त्याचा पालक होतो. माझा नवरा लोकांना गाडी चालवायला शिकवायचा, त्यामुळे सगळे त्याला मास्तर म्हणायचे. मास्तरांनी पुडी ठेवली, दोन विनोद सांगितले, लोक खुश. कागदावर लिहिलं गेलं: टोमॅटो, मास्तर.

घरी येऊन मला म्हणतो, "अगं, मी सांगत होतो तुझं नाव लिहा म्हणून, कोणी ऐकेचना."

लिहिणारी कोण? त्याची थोरली बहीण. माझी नणंद. तीस वर्षं हॉस्पिटलात नर्स होत्या, आता बैठकीच्या अध्यक्ष आहेत आणि फूटपट्टीशिवाय एक रेघ मारत नाहीत. नवरा सुटला, पण वन्सं काही सुटल्या नाहीत.

घटस्फोट झाला तरी कागदावर मास्तर तो मास्तरच. दर उन्हाळ्यात रस्त्यात कोणीतरी गाठून सांगणार, "यंदा मास्तर काय गोड निघालाय हो!" नाहीतर, "मास्तरला पाणी जास्त झालं वाटतं, फुटला." मी हसून मान डोलवायची आणि आतल्या आत जळून खाक व्हायची. बारा वर्षं हिवाळ्यात सगळ्यांना त्याचं बी फुकट वाटत आले मी, आणि नाव कोणाचं? ज्याच्या हातून घरात निवडुंगसुद्धा मेला त्याचं!

पण नियमाला एक वाट होती. पालक लागोपाठ तीन बैठकांना आला नाही, तर त्याचं नाव खोडायचं. मग जो त्या वाणाचं जिवंत बी दाखवेल, त्याचं नाव लागणार. मास्तर शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेला होता आणि दोन बैठका बुडवून बसला होता. यंदाची तिसरी. पाच वाजता बैठक संपली की टोमॅटो माझ्या नावावर.

अडचण एकच होती. माझं बी मेलं होतं.

कसं मेलं ते सांगते, आता लपवून काय उपयोग. गेल्या पावसाळ्यात माझ्या बियांच्या डब्याला ओल लागली. म्हणून त्या वर्षीचं आणि आदल्या वर्षीचं सगळं बी मी एका ताटलीत पसरलं आणि कारखान्यातल्या साचे सुकवायच्या छोट्या भट्टीत ठेवलं. अगदी मंद आचेवर. तासाभरात काढणार होते. तेवढ्यात एक डेंटिस्ट फोनवर किंचाळायला लागला, की पेशंट खुर्चीत तोंड उघडून बसलाय आणि दात कुठेत? मी घाईघाईने साचे आत सरकवले आणि आच वाढवली. मी. याच हातांनी. ताटली आत आहे हे आठवलं तेव्हा दात तयार झाले होते.

बी दिसायला ठीक होतं, जरासं तांबूस. मी स्वतःची समजूत घातली. पण बैठकीला प्रत्येकाने आपल्या वाणाचे दहा दाणे ओल्या फडक्यावर उगवून आणायचे असतात, बी जिवंत असल्याचा पुरावा म्हणून. मी दहा ठेवले. एकही हलला नाही. आणखी वीस ठेवले. छे! बाकी कोणाकडे असेल म्हणून बैठकीतल्या पोस्टमनकाकांना सहज विचारल्यासारखं विचारलं, तर ते म्हणाले, "आम्ही कशाला बी धरू? दरवर्षी तुम्ही देताच की." सायकलवालाही तेच म्हणाला. इतकी वर्षं उदारपणा केला त्याचं हे फळ.

त्या दिवशी स्वयंपाकघरात खाली बसून मी स्वतःला अशा शिव्या घातल्या, की मास्तरलाही एवढ्या कधी घातल्या नव्हत्या. वीस वर्षं! ती चव आता जगात कुठेच नाही, आणि ती मी मारली.

शहाणी बाई असती तर तिने बैठकीत जाऊन कबूल केलं असतं. मी बाजारातून चेरी टोमॅटो आणले, त्यांच्या दहा बिया फडक्यावर ठेवल्या, आणि नऊ उगवल्या. टोमॅटोचे कोंब सगळे सारखेच दिसतात, वन्संच्या बापालाही ओळखू यायचे नाहीत. पुड्यांमध्ये मात्र माझं भाजलेलं बी भरलं. चेरीचं बी मास्तरच्या नावाने वाटण्याइतकी मी खालच्या थराला गेले नव्हते. लोक पेरतील, उगवणार नाही, आपापल्या मातीला दोष देतील. तोवर नाव तर माझं लागेल, पुढचं पुढे बघू.

बैठकीच्या दिवशी खोलीत हीटर भणभणत होता आणि खालून टायरच्या रबराचा वास येत होता. अदलाबदल पार पडली, सायकलवाला आणि पोस्टमनकाका घेवड्याच्या आठवड्यावरून भांडून मोकळे झाले. काकांचं म्हणणं, थंडी अजून आठ दिवस हटणार नाही. सायकलवाल्याचं म्हणणं, काकांची थंडी गेली दहा वर्षं हटलेली नाही. मी घड्याळाकडे बघत होते. पावणेपाच झाले.

वन्संनी फूटपट्टी टेबलावर आपटली. "टोमॅटो, मास्तर. पालक तिसऱ्यांदा गैरहजर. जिवंत बी कोणाकडे आहे?"

मी डबी उघडून सरकवली. वन्संनी चष्मा वर करून कोंब मोजले. "नऊ. छान." मला म्हणाल्या, "तुझं नाव लिहू ना गं?"

"लिहा," मी म्हटलं. माझा आवाज जरा जास्तच मोठा आला.

त्यांनी पेन्सिलीला टोक काढायला घेतलं आणि जिन्यावर पावलं वाजली. मास्तर! तोच जुना कोट, केस निम्मे गायब, हातात प्लास्टिकची डबी.

"बस चुकली," तो म्हणाला. दुसऱ्यांना गाडी शिकवणारा हा माणूस बसने येतो, आणि ती बसही चुकवतो. "ताई, संपलं का?"

"दहा मिनिटं आहेत," वन्सं म्हणाल्या. "तू आलास म्हणजे नाव तुझंच राहतं. नियम आहे."

डोक्यात तिडीक गेली माझ्या. मी उठले. "दोन वर्षं कुठे होतास? आठ वर्षं साच्यांच्या ढिगात गुडघे मी टेकले. तू काय केलंस? एक पुडी उचललीस!"

"तेच सांगायला आलोय," मास्तर म्हणाला. त्याने टोपी काढली, आणि मला पहिल्यांदा जाणवलं की तो विनोद करणार नाहीये. "टोमॅटो हिचा आहे. पहिल्या दिवसापासून हिचाच. त्या दिवशी मी सांगतो म्हणालो होतो, पण मी काही बोललोच नव्हतो. टाळ्या वाजत होत्या, बरं वाटलं. नाव खोडा आणि हिचं लिहा. नुसता आलो नाही म्हणून जाऊ नये नाव, मी दिलं म्हणून जावं. एवढ्यासाठी आलो."

सायकलवाला उगाच हीटरशी खेळत बसला. मी बारा वर्षं या एका वाक्याची वाट पाहिली होती आणि ते आलं तेव्हा मी डबीतले चेरीचे कोंब मोजत बसले.

वन्संनी टोक काढलेली पेन्सिल उचलली. "आणि त्या डबीत काय आहे?"

"काही नाही. घर सोडताना थोडं बी नेलं होतं. खिडकीत कुंडीत दोन झाडं जगवली. फळं सुपारीएवढीच, पण चव तीच. सात उगवलेत." त्याने झाकण उघडून दाखवलं आणि परत लावलं. "पण आता खिडकी बंद होतेय, समोर भिंत उभी राहतेय. बी हिच्याकडे ढीगभर असणार. हे देतो टाकून." त्याने डबी आणि एक चपटी पुडी कोटाच्या खिशात घातली, टोपी डोक्यावर चढवली. "येतो ताई."

तो जिन्यापर्यंत गेला. वन्संनी फूटपट्टी लावून मास्तर या शब्दावर रेघ मारली आणि माझ्या नावाचं पहिलं अक्षर लिहिलं. मला हवं होतं ते सगळं मिळत होतं, आणि जगातलं शेवटचं जिवंत बी त्या भिकार कोटाच्या खिशात बसून जिना उतरत होतं.

"थांब!" मी ओरडले. "मास्तर, थांब! माझं बी मेलंय."

तो वळला. वन्संची पेन्सिल थांबली. "मेलंय म्हणजे? हे नऊ कोंब कसले?"

"बाजारातल्या चेरीचे."

"आणि या पुड्या?" पोस्टमनकाकांनी खिशातून माझी पुडी काढून उजेडात धरली, जणू आत मेलेला उंदीर आहे.

"भाजलेल्या. कवळीच्या भट्टीत. मी सगळं बी भाजलं, काका. दोन्ही वर्षांचं. माझ्याकडे एक दाणा नाही, तुम्हा कोणाकडे नाही, फक्त याच्याकडे आहे. मला नाव हवं होतं, म्हणून तुम्हाला फसवत होते."

"बाई बाई बाई," वन्सं म्हणाल्या. मग खुर्ची मागे सारून त्या कागदापाशी गेल्या, माझ्या नावाचं अर्धवट अक्षर खोडरबराने स्वच्छ पुसलं आणि रेघ मारलेला मास्तर पुन्हा वर लिहून काढला. "जिवंत बी ज्याच्याकडे, नाव त्याचं. आणि तुला दोन वर्षं कुठल्याही वाणाची पालक होता येणार नाही. असा नियम नव्हता, आत्ता झाला. कोणाची हरकत?"

कोणाचीच नव्हती. माझीही नव्हती.

"ज्याला भाजलेलं परत द्यायचंय त्याने द्यावं," सायकलवाला म्हणाला आणि पुडी माझ्यासमोर टाकली. एकामागून एक सगळ्यांनी टाकल्या. मी त्या गोळा करून पिशवीत भरल्या. मान वर करायची हिंमत नव्हती.

मास्तर टेबलाशी आला. त्याने पुडी आणि डबी माझ्यापुढे ठेवली. "सगळं घे," तो म्हणाला. "तुझंच आहे."

आणि मी रडले. सगळ्यांसमोर, नाक ओढत. खोटे कोंब दाखवायला लाज वाटली नाही, तर याची कशाला वाटावी?

नाक पुसून मी पुडी उघडली. पिवळसर, लवदार, जिवंत बी. पोस्टमनकाकांकडून एक कार्ड मागून घेतलं आणि त्याच्या कडेने टेबलावर दोन ढीग केले. एक त्याच्याकडे ढकलला.

"मला कशाला?" मास्तर म्हणाला. "सांगितलं ना, माझी खिडकी..."

"खिडकी गेली तर गच्चीवर लाव. गच्ची नसेल तर शेजाऱ्याच्या दारात लाव. पण ठेव." माझा आवाज पुन्हा चढला, त्याला मी काय करू. "अरे गाढवा, आपण एका घरात राहत असतो ना, तर हेसुद्धा माझ्याच डब्यात असतं. माझ्याच ताटलीत. आणि मी तेही भाजलं असतं. आपण वेगळे झालो म्हणून हा वाचला!"

मास्तरने माझ्याकडे पाहिलं. संसारात इतकं नीट त्याने माझं कधी ऐकलं नव्हतं. त्याने आपला ढीग हातरुमालात बांधला, दोन गाठी मारल्या आणि रुमाल कोटाच्या आतल्या खिशात ठेवला.

वन्संनी फूटपट्टी उचलली. टोमॅटोच्या ओळीत पेरणीचा चौथा आठवडा होता. त्याच्यापुढे त्यांनी पेरणीच्या जागेचे दोन चौकोन आखले, एकात भावाचं घर लिहिलं आणि दुसऱ्यात माझं.